नीग्रो लीग समाधिशिला प्रकल्प

नीग्रो लीग समाधिशिला प्रकल्प हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बेसबॉलच्या चाहत्यांनी आणि इतिहास-अभ्यासकांनी चालवलेला स्वयंसेवी उपक्रम आहे. वर्णभेदाच्या काळात केवळ कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक संघांतून खेळलेल्या अनेक खेळाडूंच्या कबरींवर त्यांच्या मृत्यूनंतर नावाची शिलासुद्धा बसली नव्हती. अशा कबरी शोधून काढणे, निधी जमवणे आणि तेथे समाधिशिला उभारणे हे या प्रकल्पाचे काम आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील भूलतज्ज्ञ जेरेमी क्रॉक यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेच्या, म्हणजेच ‘सेबर’च्या, नीग्रो लीगविषयक समितीशी तो संलग्न आहे. प्रकल्पाच्या पहिल्या तीन शिला इ.स. २००४ मध्ये शिकागोजवळच्या बर ओक दफनभूमीत बसवण्यात आल्या.

नावाविषयी

‘नीग्रो’ हा शब्द आज अमेरिकेत कृष्णवर्णीय व्यक्तीसाठी वापरला जात नाही. तो अवमानकारक मानला जातो. ‘नीग्रो लीग’ हे मात्र त्या काळातील स्पर्धांचे ऐतिहासिक नाव आहे. खेळाडू, संघमालक आणि कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे हेच नाव वापरत असत. त्यामुळे संग्रहालये, संशोधक आणि प्रस्तुत प्रकल्प यांनी ते कायम ठेवले आहे.

पार्श्वभूमी

मोझेस फ्लीटवूड वॉकर हे इ.स. १८८४ मध्ये टोलेडो संघाकडून त्या वेळच्या प्रमुख स्तरावर खेळले. त्यानंतरच्या काही वर्षांत श्वेतवर्णीय संघमालकांनी आपापसातील अलिखित समझोत्याने कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेणे बंद केले. हा समझोता कोणत्याही नियमपुस्तकात नोंदलेला नव्हता, तरीही तो सहा दशके पाळला गेला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरले, तेव्हा तो मोडला.

या मधल्या काळात कृष्णवर्णीयांनी स्वतःचे व्यावसायिक बेसबॉल उभे केले. आरंभी भटके संघ गावोगाव फिरून सामने खेळत. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली संघमालकांची बैठक झाली आणि नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. ही लीग १९३१ मध्ये बंद पडली. १९३३ मध्ये त्याच नावाची दुसरी लीग सुरू झाली आणि १९३७ मध्ये नीग्रो अमेरिकन लीग अस्तित्वात आली. कॅन्सस सिटी मोनार्क्स, होमस्टेड ग्रेज, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि शिकागो अमेरिकन जायंट्स हे या लीगमधील नामांकित संघ होत. १९४७ नंतर चांगले खेळाडू आणि प्रेक्षक मेजर लीगकडे वळले. त्यानंतर एकेक संघ बंद पडत गेला.

कबरी निनावी राहण्याची कारणे

नीग्रो लीगमधील खेळाडूंचे उत्पन्न बेताचे होते आणि हंगामापुरतेच असे. बहुतेकांना निवृत्तिवेतन नव्हते. मैदान सोडल्यावर त्यांनी पोस्टात, कारखान्यांत किंवा हॉटेलांत हमाल म्हणून काम केले. ज्या संघांसाठी ते खेळले, ते संघ त्यांच्या मृत्यूपूर्वीच नाहीसे झाले होते. त्यामुळे अंत्यसंस्काराचा खर्च करणारी किंवा पुढे स्मारक उभारणारी संस्थाही उरली नाही. कामधंद्याच्या शोधात अनेक जण जन्मगावापासून दूर, उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थायिक झाले होते. तेथे त्यांना खेळाडू म्हणून ओळखणारे थोडेच होते.

दफनाची जागा आणि तीवरील शिला यांचा खर्च वेगवेगळा असतो. जागेचे पैसे कसेबसे भरणाऱ्या कुटुंबाला शिलेसाठी पुन्हा पैसे उभे करणे बहुधा शक्य होत नसे. अशा कबरीची नोंद दफनभूमीच्या वहीत असते, जमिनीवर मात्र केवळ गवत दिसते. नातलगांची पिढी सरली की ती जागा दाखवू शकणारे कोणी उरत नाही.

पूर्वीचे प्रयत्न

प्रस्तुत प्रकल्पापूर्वीही काही दिवंगत खेळाडूंच्या कबरींवर उशिराने शिला बसवण्यात आल्या होत्या.

जॉश गिब्सन हे नीग्रो लीगमधील सर्वांत विख्यात फलंदाज २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५व्या वर्षी मरण पावले. रॉबिन्सन यांचे पदार्पण त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झाले. पिट्सबर्गमधील अ‍ॅलेघनी दफनभूमीतील गिब्सन यांची कबर १९७५ पर्यंत निनावी होती. विशेष म्हणजे त्याआधी तीन वर्षे, १९७२ मध्ये, कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झालेली होती.

बड फाउलर हे एकोणिसाव्या शतकातील पहिल्या कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडूंपैकी एक होत. १९१३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील फ्रँकफर्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर सेबरच्या सभासदांनी १९८७ मध्ये शिला बसवली. वर उल्लेखिलेल्या मोझेस फ्लीटवूड वॉकर यांची ओहायोतील स्ट्यूबेनव्हिल येथील कबरही १९९१ पर्यंत शिलेविना होती. ते ज्या ओबर्लिन महाविद्यालयात शिकले, तेथील क्रीडाप्रेमींच्या मंडळाने ती उभारली.

हे प्रयत्न एकेका व्यक्तीपुरते होते. अशा कबरी सातत्याने शोधण्याची व्यवस्था तेव्हा नव्हती.

प्रकल्पाची सुरुवात

प्रकल्पाचे मूळ मिसूरी राज्यातील आर्डमोर या कोळसाखाणींच्या लहानशा वस्तीत आहे. क्रॉक यांच्या कुटुंबाची मुळे या गावात होती. याच गावात १९१० मध्ये जिमी क्रचफील्ड यांचा जन्म झाला. नीग्रो लीगमध्ये नाव कमावलेला हा गावचा मुलगा क्रॉक यांच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत होता.

क्रचफील्ड हे मध्यक्षेत्रातील चपळ क्षेत्ररक्षक होते. १९३०च्या दशकातील पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात ते ‘कूल पापा’ बेल, जॉश गिब्सन आणि सॅचेल पेज यांच्यासमवेत खेळले. शिकागोत दरवर्षी भरणाऱ्या पूर्व-पश्चिम तारांकित सामन्यासाठी त्यांची चार वेळा निवड झाली होती. खेळ सोडल्यानंतर त्यांनी शिकागोच्या पोस्ट खात्यात नोकरी केली. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

क्रॉक यांनी चौकशी केली तेव्हा क्रचफील्ड यांची कबर बर ओक दफनभूमीत असून तिच्यावर शिला नसल्याचे त्यांना समजले. त्याच दफनभूमीत पिचर जॉन डोनाल्डसन आणि संघव्यवस्थापक ‘कँडी जिम’ टेलर यांच्या कबरीही निनावी असल्याचे आढळले. सेबरच्या सभासदांना आणि इतर बेसबॉलप्रेमींना देणग्यांचे आवाहन करण्यात आले. जमलेल्या रकमेतून २००४ मध्ये तिघांच्याही कबरींवर शिला बसवण्यात आल्या. पुढे संशोधक लॅरी लेस्टर आणि सेबरच्या समितीतील इतर अभ्यासकांच्या सहकार्याने या कामाला प्रकल्पाचे स्वरूप आले. लेस्टर हे कॅन्सस सिटी येथील नीग्रो लीग बेसबॉल संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक आहेत.

कार्यपद्धती

कबर शोधण्याचे काम बहुतांशी कागदपत्रांतून होते. प्रथम मृत्यूचा दाखला मिळवला जातो. अमेरिकेतील अशा दाखल्यावर सामान्यतः दफनाचे ठिकाण नोंदलेले असते. त्यावरून संबंधित दफनभूमीच्या कार्यालयाशी संपर्क साधून दफनवहीतील नोंद तपासली जाते. विभाग, ओळ आणि जागेचा क्रमांक मिळाल्यावर प्रत्यक्ष पाहणी करून तेथे शिला आहे किंवा नाही हे निश्चित केले जाते. काही वेळा शिला असते, पण ती अनेक वर्षांत मातीखाली गेलेली असते.

या कामातील मोठी अडचण नावांची आहे. नीग्रो लीगमधील खेळाडू बहुधा टोपणनावांनी ओळखले जात. वृत्तपत्रांतील सामन्यांच्या वृत्तांतात अनेकदा केवळ आडनाव छापले जाई. एकाच आडनावाचे अनेक खेळाडू असत आणि जन्मवर्षे निरनिराळी नोंदलेली आढळतात. त्यामुळे दफनवहीतील व्यक्ती आणि मैदानावरील खेळाडू एकच आहेत, हे जनगणनेच्या नोंदी, सैन्यभरतीची पत्रके आणि मृत्युवार्ता पडताळून ठरवावे लागते.

ओळख पटल्यानंतर दफनभूमीची आणि शक्य असेल तेथे नातलगांची अनुमती घेतली जाते. खर्च मुख्यतः देणग्यांतून भागवला जातो. शिला बसवल्यानंतर छोटा अनावरण समारंभ होतो. त्याला नातलग, स्थानिक चाहते आणि संशोधक उपस्थित राहतात. सेबरतर्फे भरणाऱ्या जेरी मॅलॉय नीग्रो लीग परिषदेला जोडूनही असे समारंभ झाले आहेत.

उल्लेखनीय समाधी

जॉन डोनाल्डसन

जॉन डोनाल्डसन यांचा जन्म १८९१ मध्ये मिसूरीतील ग्लासगो येथे झाला. डावखुरे पिचर म्हणून त्यांनी ‘ऑल नेशन्स’ या फिरत्या संघातून आणि कॅन्सस सिटी मोनार्क्समधून खेळत मध्य-पश्चिम अमेरिकेतील शेकडो लहान गावे गाजवली. ‘मोनार्क्स’ हे नाव त्यांनीच सुचवले असे सांगितले जाते. त्यांचे बहुसंख्य सामने लीगबाहेरचे असल्याने त्यांची आकडेवारी कोठेही एकत्र नव्हती. चाहत्यांच्या एका गटाने जुन्या गावोगावच्या वृत्तपत्रांतून एकेका सामन्याची नोंद शोधून ती गोळा केली. या नोंदींनुसार त्यांच्या नावावर ४०० हून अधिक विजय आणि ५,००० हून अधिक स्ट्राइकआउट आहेत. १९४९ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघाने त्यांना नव्या खेळाडूंचा शोध घेण्यासाठी नेमले. मेजर लीगमध्ये हे काम पूर्णवेळ करणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ३४ वर्षे त्यांची कबर निनावी होती.

‘कँडी जिम’ टेलर

जेम्स अ‍ॅलन टेलर यांचा जन्म १८८४ मध्ये दक्षिण कॅरोलिनात झाला. ते आणि त्यांचे तीन भाऊ, असे चौघेही व्यावसायिक बेसबॉलमध्ये होते. त्यांच्या व्यवस्थापनाखाली होमस्टेड ग्रेज संघाने १९४३ आणि १९४४ या लागोपाठच्या वर्षी नीग्रो वर्ल्ड सीरीज जिंकली. १९४८ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

सॉल व्हाइट

ओहायोत १८६८ मध्ये जन्मलेले सॉल व्हाइट हे खेळाडू, व्यवस्थापक आणि लेखक होते. १९०७ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. या विषयावरील ते पहिले पुस्तक होय. एकोणिसाव्या शतकातील अनेक संघांची आणि खेळाडूंची माहिती केवळ या पुस्तकामुळे टिकून राहिली. इतरांची नावे जपणाऱ्या या लेखकाचे १९५५ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांना न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील फ्रेडरिक डग्लस स्मृती उद्यानात दफन करण्यात आले. त्यांच्या कबरीवर शिला नव्हती. २००६ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. कबरीवर शिला मात्र २०१४ मध्ये बसली.

पीट हिल

पीट हिल हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील अग्रगण्य फलंदाज होते. रूब फॉस्टर यांच्या शिकागो अमेरिकन जायंट्स संघाचे ते आधारस्तंभ मानले जात. २००६ मध्ये त्यांची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, तेव्हा त्यांच्या सन्मानफलकावर ‘जोसेफ प्रेस्टन हिल’ असे नाव कोरण्यात आले. संशोधकांनी आणि कुटुंबीयांनी कागदपत्रे तपासल्यावर त्यांचे खरे नाव जॉन प्रेस्टन हिल असल्याचे आणि त्यांचा जन्म व्हर्जिनियातील कल्पेपर परगण्यात झाल्याचे स्पष्ट झाले. २०१० मध्ये फलक बदलण्यात आला. १९५१ मध्ये बफेलो येथे मरण पावलेल्या हिल यांचे दफन कोठे झाले हेही दीर्घकाळ अज्ञात होते. ते शिकागोजवळील होली सेपल्कर दफनभूमीत झाल्याचे पुढे शोधातून उघड झाले.

‘बिग बिल’ गेटवूड

उंच, धिप्पाड पिचर बिल गेटवूड यांनी १९२१ मध्ये डेट्रॉइट स्टार्स संघाकडून खेळताना प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता सामना जिंकला. नीग्रो नॅशनल लीगमधील असा तो पहिला सामना मानला जातो. जेम्स बेल यांना ‘कूल पापा’ हे नाव गेटवूड यांनीच दिले. बेल त्या नावाने हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले, तर नाव देणाऱ्याची मिसूरीतील कोलंबिया येथील कबर अनेक दशके नावाविना राहिली. आता तेथे शिला आहे.

बर ओक दफनभूमी

शिकागोच्या दक्षिणेस अ‍ॅल्सिप या उपनगरात असलेली बर ओक दफनभूमी १९२७ मध्ये सुरू झाली. दफनभूमींतही वर्णभेद पाळला जात असल्याच्या काळात शिकागोतील कृष्णवर्णीयांना जेथे जागा मिळे, अशा मोजक्या ठिकाणांपैकी ती एक होती. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात हत्या झालेला किशोर एमेट टिल, गायिका डायना वॉशिंग्टन आणि मुष्टियोद्धा एझार्ड चार्ल्स यांच्या कबरी येथे आहेत.

जुलै २००९ मध्ये या दफनभूमीतील जुन्या कबरी खणून, त्यांतील अवशेष अन्यत्र टाकून त्याच जागा पुन्हा विकल्या गेल्याचे उघडकीस आले. या प्रकरणी दफनभूमीतील चौघांवर गुन्हे दाखल झाले. आपल्या आप्तांची कबर जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी हजारो कुटुंबांनी तेथे धाव घेतली. शिला नसलेल्या जुन्या कबरी अशा गैरप्रकाराला किती सहज बळी पडू शकतात, हे या घटनेने दाखवून दिले. समाधिशिला ही केवळ आदराची खूण नसून जागेचा दृश्य पुरावाही असते, हा प्रकल्पामागील विचार त्यामुळे अधोरेखित झाला.

अधिकृत मान्यतेशी संबंध

नीग्रो लीगच्या खेळाडूंना अधिकृत बेसबॉलमध्ये मान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल होताना श्वेतवर्णीय फलंदाज टेड विल्यम्स यांनी आपल्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांचाही तेथे समावेश व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ हे या लीगचा इतिहास सांगणारे पुस्तक प्रकाशित झाले. १९७१ मध्ये पेज यांची निवड झाली. २००६ मध्ये विशेष समितीने एकाच वेळी १७ जणांची निवड केली. त्यांत व्हाइट आणि हिल यांच्यासह एकोणिसाव्या शतकातील फ्रँक ग्रँट आणि संघमालक एफा मॅनली यांचा समावेश होता. मॅनली या हॉल ऑफ फेममधील पहिल्या महिला होत. बड फाउलर यांची निवड डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे सेबरने त्यांच्या कबरीवर शिला बसवल्यानंतर ३४ वर्षांनी झाली.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा विक्रम टाय कॉब यांच्या .३६७ वरून जॉश गिब्सन यांच्या .३७२ वर गेला. बेसबॉलमधील ही सरासरी क्रिकेटप्रमाणे धावांवरून नव्हे, तर यशस्वी फटक्यांच्या प्रमाणावरून काढली जाते. .३७२ म्हणजे दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके होत.

ही मान्यता प्रामुख्याने आकड्यांना मिळालेली आहे. लीग अस्तित्वात येण्यापूर्वीचे खेळाडू, तसेच डोनाल्डसन यांच्यासारखे मुख्यतः लीगबाहेर खेळलेले खेळाडू तिच्या कक्षेत फारसे येत नाहीत. समाधिशिलेसाठी मात्र अशी कोणतीही अट नसते.

चाहत्यांच्या स्मरणाच्या इतर रीती

दिवंगत खेळाडूंच्या कबरींना भेट देणे ही अमेरिकेतील बेसबॉल चाहत्यांची जुनी रीत आहे. न्यू यॉर्क राज्यातील हॉथॉर्न येथे बेब रूथ यांच्या समाधीवर चाहते चेंडू, बॅट आणि टोप्या ठेवतात. ब्रुकलिनमधील सायप्रेस हिल्स दफनभूमीत जॅकी रॉबिन्सन यांच्या समाधीवरही चेंडू वाहिलेले दिसतात. मेजर लीगमध्ये २००४ पासून १५ एप्रिल हा रॉबिन्सन दिन आणि २०२१ पासून २ जून हा लू गेरिग दिन पाळला जातो. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात मरण पावलेले रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा पूल पिट्सबर्गमध्ये आहे.

सेबरमध्ये एकोणिसाव्या शतकातील बेसबॉलशी संबंधित व्यक्तींच्या कबरींसाठीही स्वतंत्र प्रकल्प आहे. त्या प्रकल्पाने २०१६ मध्ये ब्रुकलिनमधील ग्रीन-वुड दफनभूमीत जेम्स व्हाइट डेव्हिस यांच्या कबरीवर शिला बसवली. न्यू यॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या या जुन्या सभासदाने आपल्या समाधीसाठी प्रत्येक खेळाडूने दहा सेंट द्यावेत, अशी विनंती हयातीतच केली होती. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर शतकाहून अधिक काळ ती अपुरी राहिली होती.

मर्यादा आणि महत्त्व

प्रकल्पाचे काम देणग्या आणि स्वयंसेवकांचा वेळ यांवर अवलंबून आहे. मृत्यूचा दाखला न सापडलेल्या, किंवा खरे पूर्ण नावच अज्ञात असलेल्या खेळाडूंपर्यंत पोहोचणे अवघड असते. त्यामुळे ज्यांच्याविषयी काही लिखित माहिती उरली आहे, त्यांचीच कबर सापडण्याची शक्यता अधिक असते.

तथापि या शोधामुळे संशोधनातही भर पडते. कबर निश्चित करताना खेळाडूचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, मैदान सोडल्यानंतरचा व्यवसाय आणि वारसदार यांची माहिती उजेडात येते. सामन्यांच्या वृत्तांतात केवळ आडनावाने उरलेली व्यक्ती अशा रीतीने पूर्ण नावानिशी इतिहासात परत येते. अनेक कुटुंबांना आपले आजोबा किंवा पणजोबा व्यावसायिक खेळाडू होते, याचे सार्वजनिक स्मरण प्रथमच शिलेच्या अनावरणाच्या दिवशी झालेले पाहायला मिळते.

हे सुद्धा पहा

नीग्रो नॅशनल लीग
रूब फॉस्टर
जॉश गिब्सन
सॅचेल पेज
जॅकी रॉबिन्सन
नीग्रो लीग बेसबॉल संग्रहालय
बेसबॉल हॉल ऑफ फेम